मर्यादवेलीची हद्द

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या किनाऱ्यावरील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच यांस,



तुमच्यापैकी एकाच्या गावात, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटे साडेसहाच्या सुमारास माझ्या कुत्र्याने समुद्री कासवाचं घरटं उकरलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चूक माझी होती, आणि त्या गावाने ती माझ्यापेक्षा जास्त समजूतदारपणे निस्तरली. पण तेव्हापासून हे पत्र मनात घोळतं आहे. ते एकाच सरपंचांना लिहून भागणार नाही, कारण माझ्यासारखी माणसं आता प्रत्येक किनाऱ्यावर येऊ लागली आहेत.

मी पुण्यात राहते, एकटी. तांबू आठ वर्षांचा आहे. गावठी, तांबूस रंगाचा, एक कान कायम दुमडलेला. तो यायच्या आधीही मी कोकणात येत होते, पण तेव्हाचं येणं म्हणजे हर्णै, मुरूड, गणपतीपुळे, जिथे माणसं असतील तिथे. निर्मनुष्य पुळणीवर पहाटे एकटी बाई चालायला जात नाही. कुणी अडवत नाही, पण पाय आपोआप मागे वळतात. तांबू बरोबर आल्यावर ते बदललं. वयाच्या पन्नाशीत मला पहिल्यांदा कळलं की अंधार विरघळताना समुद्र आधी दिसत नाही, आधी फेसाची रेघ दिसते आणि ती हवेत तरंगत असल्यासारखी वाटते. हे मला या कुत्र्यामुळे मिळालं. म्हणून पुढे जे मागणार आहे ते कुत्रे नकोत असं मानणाऱ्या माणसाने लिहिलेलं नाही, एवढं आधी ध्यानात घ्यावं.

त्या डिसेंबरमध्ये ताम्हिणी उतरून, बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवून आम्ही बाणकोटची खाडी ओलांडली. तांबूला फेरीबोट आवडते. कठड्याच्या फटीतून नाक बाहेर काढून तो पूर्ण खाडी हुंगत येतो. मुक्काम एका घरगुती खानावळीत. तिथल्या काकू म्हणाल्या, ‘‘कुत्रा आमच्या कुत्र्यांशी भांडला नाही म्हणजे झालं.’’ एवढीच अट. किनाऱ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हा हिशोब मला तुमच्याच गावातल्या एका आजोबांनी शिकवला होता. प्रतिपदेला भरती पाऊण वाजता, म्हणजे ओहोटी पहाटे साडेसहाच्या आसपास. मी मुद्दाम ती वेळ गाठली होती. समुद्र खूप आत गेलेला, ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ पापुद्रा, त्यात उजाडणारं आभाळ. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही असं मला वाटलं. मी साखळी सोडली.

तांबू आधी पाण्याकडे धावला, मग अचानक वळला आणि सुरूच्या बनाकडे सुटला. भरतीच्या रेघेच्या वर, कोरड्या वाळूत, मर्यादवेल जिथे सुरू होते तिथे तो थांबला आणि पुढच्या दोन्ही पायांनी उकरू लागला. मला गंमत वाटली. कुत्री उकरतातच. मी फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे, मी पुसलेला नाही. त्यात, तांबूच्या मागे, समुद्राकडून वर येणारा आणि पुन्हा समुद्राकडे उतरणारा एक रुंद पट्टा स्पष्ट दिसतो, लहान ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा. ती रात्री अंडी घालून गेलेल्या मादीची वाट होती. मी तिच्यावर उभी राहून फोटो काढत होते.

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या तोंडात पांढरं, टेबलटेनिसच्या चेंडूएवढं काहीतरी होतं. त्याने ते अलगद माझ्या पायाशी ठेवलं. ते फुटलं नव्हतं, नुसतं चेपलं होतं. कोंबडीच्या अंड्यासारखं कवच नव्हतं त्याला, ओलसर चामड्यासारखं लागत होतं. खड्ड्यापाशी गेले तर चार फुटलेली होती आणि आत अजून खूप होती.

मी तांबूला बांधलं आणि वाडीकडे पळाले. अर्ध्या तासात गावातला एक कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा, आला, पंचविशीतला मुलगा, हातात काठी आणि टोपली. मला वाटलं तो ओरडेल. त्याने खड्डा पाहिला, मादीची वाट पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘अंडी हातात घेऊन फिरवलीत का?’’ मी नाही म्हटलं. तो म्हणाला, ‘‘बरं केलंत.’’ घातल्यानंतर पहिले काही तास अंडी हलवता येतात. नंतर आतला जीव कवचाला चिकटतो, मग अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. त्याने कोपरापर्यंत हात घालून एकेक अंडं काढलं, जसं होतं तसंच, वरची बाजू वर ठेवून. खड्डा वरून अरुंद आणि खाली फुगीर होता, माठासारखा, दीड फूट तरी खोल. अंडी शंभराहून थोडी जास्त निघाली. ती सगळी जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत, तेवढ्याच खोलीचा, तसाच माठासारखा खड्डा करून पुरली. वर एक पाटी खोचली, तारीख आणि अंड्यांची संख्या. फुटलेली चार त्या संख्येत नव्हती.

तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. तुमच्या गावातल्या मुलांनीच ते शिकून घेतलं आहे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने वेळासला हे काम सुरू केलं, तेव्हा किनाऱ्यावरची अंडी माणसंच खणून नेत होती. ती माणसं बदलली, त्यांच्यातलीच काही रक्षक झाली. पुढे वेळासला कासव महोत्सव सुरू झाला, मग आंजर्ले, आणि हळूहळू दक्षिणेकडे सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यावर हॅचरी उभ्या राहिल्या. महाराष्ट्राबाहेर फार थोड्या ठिकाणी गावांनी स्वतःहून असं काम उचललं असेल. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि म्हणूनच जास्त लाज वाटते. जो धोका तुम्ही वीस वर्षं खपून कमी केलात, तो मी गाडीच्या मागच्या सीटवर बसवून पुण्याहून आणला.

कायद्यानेही हे लहान प्रकरण नाही. आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणारं हे कासव, ऑलिव्ह रिडले, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. त्या कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तीत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं आणि घरटं विस्कटणं हेही येतं. कासवांची अंडी घालण्याची जागा सागरी किनारा नियमनाच्या २०१९च्या अधिसूचनेत सर्वांत कडक वर्गात मोडते. हे मी नंतर वाचलं. त्या पहाटे मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि माझी खात्री आहे, तुमच्या किनाऱ्यावर कुत्रा घेऊन येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हे माहीत नसतं. ती वाईट माणसं नसतात. कुत्र्याला मोकळं धावू द्यावं एवढ्याच मायेने ती येतात. शहरात त्याला तसं धावता येत नाही. सोसायटीच्या गच्चीवर बंदी, बागेत बंदी. मोठ्या, गाजलेल्या किनाऱ्यांवरही आता नियम येणार, कारण ब्लू फ्लॅगसारख्या मानांकनाच्या निकषांत कुत्र्यांवर कडक नियंत्रण ही एक अट असते. मग कुत्रेवाला माणूस जातो कुठे? जिथे पाटी नाही, दुकान नाही, गर्दी नाही तिथे. कासवही नेमकी तीच जागा निवडतं. दोघांनाही अंधार आणि शांतता हवी असते. म्हणून ही गाठ पडणारच आहे, तुम्ही बोलावलं नाहीत तरी.

तांबूला ती जागा सापडली कशी, यावर मी खूप विचार केला. मला जे रिकामं दिसत होतं ते त्याला रिकामं नव्हतंच. त्याच्या नाकाला ती पुळण गजबजलेली होती. रात्री कोल्हा गेला होता, त्याचे ठसे नंतर त्या मुलाने मला दाखवले. खेकड्यांची बिळं होती, भरतीने आणून टाकलेली जाळ्याची तुटकी गुंडाळी होती, तिच्यात अडकून मेलेला मासा होता. आणि वाळूखाली दीड फुटावर ताजी अंडी होती, त्यांच्याबरोबर आलेला कासवाच्या अंगाचा ओला वास. कुत्र्याने आपलं काम चोख केलं. ‘निर्जन किनारा’ हा शब्द माझा होता. जाहिरातींतही तोच असतो आणि आम्ही शहरातली माणसं तो वाचूनच येतो.

ओल्या वाळूचंही तसंच आहे. हिवाळ्यात तिथे चिखल्या आणि तुतवार उतरतात, कुरव पक्ष्यांचे थवे बसतात. त्यांच्यातले कितीतरी मध्य आशिया आणि सैबेरियाकडून आलेले असतात. ओहोटीचे चार-पाच तास हीच त्यांची जेवणाची वेळ, नंतर पाणी ताट झाकून टाकतं. कुत्रा थव्यात घुसला की सगळा थवा एकदम उडतो, वळतो, चांदीसारखा चमकतो. बघायला फार सुंदर दिसतं ते. मी कितीदा टाळ्या वाजवल्या असतील. प्रत्येक वेळी त्या पाखरांचा घास सुटत होता, आणि परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी उडण्यातच खर्च होत होती.

म्हणून आता मागणं मांडते.

बंदी घालू नका, हे पहिलं. बंदी घातलीत तर आम्ही पुढच्या गावात जाऊ, तिथे कासवमित्र नसेल आणि घरटं उकरलेलं कुणाला कळणारही नाही. हद्द आखा. ती आखायला खांब किंवा तार लागणार नाही, कारण निसर्गाने ती आधीच आखून ठेवली आहे आणि आपल्या पूर्वजांनी तिला नावही देऊन ठेवलं आहे. मर्यादवेल. जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या जोडपानांची ती वेल जिथून सुरू होते तिथे समुद्राची मर्यादा संपते, आणि कासवाची मादी साधारण भरतीची रेघ आणि ही वेल यांच्या मधल्या कोरड्या वाळूत खड्डा करते. नोव्हेंबरपासून मेपर्यंत या कोरड्या पट्ट्यात कुत्रा साखळीला हवा, पाण्याकडे जायची वाट एकच हवी, त्या वाटेने थेट ओल्या वाळूवर जावं. तिथेही लांब दोरी असावी आणि पाखरांच्या थव्यापासून दूर राहावं. एवढं सांगितलं तर कुत्र्याला समुद्र मिळतो आणि कासवाला वाळू. ज्या गावात मर्यादवेल उपटून बाकडी आणि फरशी घातली आहे, त्यांनी ती पुन्हा लावण्याचा विचार करावा. ती वाळू धरून ठेवते, हे उधाणाच्या दिवसांत तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे.

नोव्हेंबरच का, तर आपल्याकडे मादी साधारण तेव्हापासून येऊ लागते. अंडी उबायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, त्यामुळे शेवटची पिल्लं उन्हाळ्यात बाहेर पडतात. २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. हा ठराव तेव्हा मांडला तर हंगाम सुरू होण्याआधी महिनाभर हाताशी राहतो. पाटी रंगवायला तेवढा पुरे.

पाटी मराठीत असावी आणि तिच्यावर मादीच्या वाटेचं चित्र असावं. मला कुणी ते चित्र आधी दाखवलं असतं तर त्या पहाटे मी त्या पट्ट्यावर उभी राहिले नसते. ‘कुत्र्यांना मनाई’ असं लिहू नये, ते वाचून माणूस चिडतो आणि पाटीमागून वाट काढतो. ‘या वाळूत आत्ता अंडी आहेत, कुत्रा साखळीला ठेवा’ असं लिहावं. असा रुंद पट्टा दिसला तर कुणाला फोन करायचा, तो नंबरही हवा. आणि हे पाटीपर्यंत थांबू नये. घरगुती निवासवाल्यांनी खोली देतानाच सांगावं. माझ्या खानावळीतल्या काकू एक वाक्य बोलल्या असत्या तरी पुरलं असतं. त्यांना दोष देत नाही, त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

कुत्र्यांच्या भल्यासाठीही हे सांगावं. आमच्या शहरी कुत्र्यांना किनारा कळत नाही. जाळ्यातून फेकून दिलेला केंड मासा वाळूवर पडलेला असतो, त्याचं विष माणसाला मारतं तसं कुत्र्यालाही मारतं. कोळ्यांची पोरं त्याला हात लावत नाहीत, आमची कुत्री सरळ तोंड घालतात. पाकटाचा काटा, तुटलेला गळ, खारं पाणी प्यायल्याने होणाऱ्या उलट्या, दुपारच्या वाळूने भाजलेले तळवे. जवळचा पशुवैद्य तालुक्याच्या गावी, तासाभरावर. साखळी हातात असेल तर यातलं बरंचसं टळतं. वाळत घातलेल्या सुकटीवर कुत्र्याने पाय वर केला तर त्या बाईचं आठवड्याचं उत्पन्न गेलं, हेही पाहुण्याला कळायला हवं.

आता जरा अवघड गोष्ट. तांबू वर्षातून चार दिवस येतो. तुमच्या वाडीतली कुत्री बारा महिने किनाऱ्यावर असतात. त्या मुलाने मला सांगितलं की त्याची रात्रीची गस्त कोल्ह्यांपेक्षा कुत्र्यांसाठीच जास्त असते. ती कुत्री वाढली कशावर? पाहुण्यांच्या ताटातल्या उरल्यासुरल्यावर आणि खानावळींच्या मागे टाकलेल्या माशांच्या डोक्यांवर. म्हणजे तिथेही आमचा हात आहेच. ते खरकटं झाकून ठेवणं, खड्ड्यात जिरवणं, कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि पिसाळण्याविरुद्धचं लसीकरण ही कामं ग्रामपंचायतीने एकटीने करावीत असं मी म्हणत नाही. पाहुण्यांकडून कुत्र्यामागे एका मुक्कामाचं लहानसं शुल्क घ्या. आम्ही देऊ. कुत्र्याच्या बिस्किटांवर आम्ही किती पैसे उधळतो ते मला माहीत आहे. ते पैसे लसीकरणाला आणि रात्री गस्त घालणाऱ्या मुलांच्या बॅटरीला जाऊ देत. पाहुण्याच्या कुत्र्याचं लसीकरणाचं पुस्तकही दारातच तपासा. आमच्याकडून तुमच्या कुत्र्यांना आजार येतात, आणि उलटही होतं.

वाळूवर गाड्या फिरवणाऱ्यांबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल. इथे एवढंच, की चाकांच्या चाकोरीत कासवाचं पिल्लू पडलं की ते बाहेर येऊ शकत नाही, चाकोरीतूनच चालत राहतं, आणि सकाळ झाली की वर कावळे असतात. कुत्र्याने उकरलेल्या खड्ड्याचंही तेच होतं. म्हणून मी आता निघताना तांबूने केलेले सगळे खड्डे बुजवते.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी परत आले. तांबूला घरी ठेवून. त्या मुलाने फोन करून सांगितलं होतं की आपल्या खड्ड्यावरची वाळू खचली आहे. आपल्या, असं तो म्हणाला. संध्याकाळी सहा वाजता टोपली उघडली. तळहातावर मावतील एवढी, काळसर, ओली वाळू चिकटलेली पिल्लं. सोडल्यावर क्षणभर थांबली आणि मग सगळी एकाच बाजूला निघाली, उजळ क्षितिजाकडे. लोकांनी दोन्हीकडे दोरी धरली होती, कुणी पुढे येत नव्हतं. एक लहान मुलगी मोठ्याने मोजत होती, साठाच्या पुढे तिचा हिशोब चुकला. हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात. पण २०२१ साली ओडिशात खूण लावलेली एक मादी २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली होती, भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून. त्या संध्याकाळी मी फक्त तिचा विचार करत होते.

तुम्ही ठराव केलात तर कळवा. अक्षर माझं बरं आहे, पाट्या रंगवायला येईन, रंगही आणीन. कार्तिकी पौर्णिमेला पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी असेल. आम्ही दोघं असू, तांबू पाच मीटरच्या दोरीला, मर्यादवेलीच्या खालच्या अंगाला. तो मुलगा गस्तीवरून परत येताना भेटेल. गेल्या वेळी त्याने तांबूचं डोकं खाजवलं होतं आणि म्हणाला होता, ‘‘याला रात्री माझ्याबरोबर पाठवा. मला काठीने चाचपावं लागतं, याला नुसतं कळतं.’’ दोरीला बांधून, तोंडाला जाळी घालून हे जमेल का, याचा आम्ही दोघं विचार करतो आहोत. तुमची परवानगी लागेल, आणि वनखात्याचीही.

आपली नम्र,
पुण्याहून येणारी तुमची एक पाहुणी